देवीचे आठ हात आणि माझी एक सही

आयुष्यात मला दोनच गोष्टी नीट जमल्या. लांबी घासणं आणि होकार देणं.

लांबी म्हणजे पत्र्यावरचे पोचे बुजवायला भरतात तो लगदा. तो वाळला की पाण्याचा हात लावत पॉलिश पेपरनं घासायचा. वरून बोट फिरवलं तर काही लागता कामा नये, इतका. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये मी पहिली काही वर्षं हेच केलं, मग हातात स्प्रे-गन आली. होकार द्यायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. समोरचा माणूस जरा आदरानं बघत काही विचारायला लागला, की त्याचं वाक्य संपायच्या आत माझी मान हलते. माझी कलासेवा, म्हणजे लोक जिला माझी कलासेवा म्हणत ती, या मान हलण्यातूनच सुरू झाली.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. खंडेनवमी आठवड्यावर आली होती. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तेव्हा दिवाळीपेक्षा खंडेनवमीचा थाट मोठा असायचा. त्या दिवशी यंत्रं बंद. लेथ धुऊन-पुसून त्याला झेंडूची माळ, कंप्रेसरला हळदकुंकू, रंग वाळवायच्या ओव्हनपुढे नारळ. आणि वर्षातून तेवढा एकच दिवस बायकापोरांना गेटच्या आत प्रवेश. नवरे 'हे माझं मशीन' म्हणून दाखवत हिंडायचे, बायका 'बरं' म्हणायच्या. खात्याखात्यांत सजावटीची चुरस असायची. मशीन शॉपवाले लेथवर निघणाऱ्या कुरळ्या चिप्सचा मोर करायचे आणि दरवर्षी पहिला नंबर काढायचे.

आमचे फोरमनसाहेब पुण्याहून यायचे. टापटिपीचे गृहस्थ, डोक्यावर केस नव्हते पण खिशात कंगवा असायचा. त्यांना मोराचा भारी राग.

"रंग आपल्या खात्यात," ते म्हणाले, "आणि बक्षीस भंगाराच्या मोराला! यंदा देवीचं मोठं चित्र पाहिजे. कोण काढणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी समोर उभा होतो म्हणून. माझी मान हलली.

हार्डबोर्ड सायकलला बांधून घरी आणला. चिंचवडला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळभर खपून मी देवी काढली. तिचा चेहरा फोरमनसाहेबांच्या वळणावर गेला. आठ हातांपैकी तीन एकाच खांद्यातून फुटले आणि एकाला जागाच उरली नाही म्हणून तो कमरेतून काढावा लागला. बायको पोळ्या करता करता बाहेर आली, पीठभरला हात तसाच धरून बघत राहिली.

"ही रागावलीय का?"

"रौद्र रूप आहे ते."

"मला वाटलं पोटात दुखतंय."

आता आमच्या हिच्याबद्दल सांगायला हवं. माहेर खेडचं. लग्नाआधी तिनं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या आणि वरच्या श्रेणीत पास झाली होती. बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं ती सर्टिफिकिटं पुढे केली. आमच्या मामांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, परत दिली आणि विचारलं, "पुरणपोळी येते का?" मी शेजारीच बसलो होतो. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला होता.

तर तिनं हात धुतले, पदर खोचला आणि माझ्या हातातला ब्रश घेतला. दोन दिवसांत त्या बोर्डावर अशी देवी उभी राहिली की शेजारच्या आजी येऊन नमस्कार करून गेल्या. आठही हात जिथल्या तिथं. डोळे तर असे, की मी खोलीत कुठंही बसलो तरी मला जाब विचारत होते.

कंपनीत बोर्ड पाहून फोरमनसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तू काढलंस?"

मान हलली.

"अरे मग खाली सही कर की! कलावंतानं सही करायची असते."

मी सही केली. आडनाव, त्याखाली एक लफ्फेदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"आवडलं सगळ्यांना."

"कुणी काढलं, विचारलं नाही?"

"छे, कामाच्या गडबडीत कोण विचारतो!"

खंडेनवमीला ती मुलीला घेऊन गेटच्या आत आली. चित्रापुढे गर्दी होती. ती गर्दीतून पुढे गेली, चित्र पाहिलं, मग उजवीकडच्या कोपऱ्यात खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी स्प्रे-बूथच्या आड एका डब्यावरची धूळ पुसत होतो, तो डबा आधीच स्वच्छ होता. ती माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "सही जरा तिरकी आलीय."

तिथंच कान पकडायला हवा होता. पण त्या वर्षी आमच्या खात्याला दुसरा नंबर मिळाला आणि माझ्या गळ्यात हार पडला. हार पडलेल्या माणसाला आपला कान सापडत नाही.

मग काय, बोर्डांची रांग लागली. सुरक्षा सप्ताहाचा हेल्मेट घातलेला कामगार, कॅन्टीनमध्ये अन्न वाया न घालवण्याची सूचना, गणेश मंडळाचा हिमालय. एकदा तर एकाच आठवड्यात व्यवस्थापनाचा 'उत्पादन वाढवा' आणि युनियनचा 'पिळवणूक थांबवा' असे दोन बोर्ड आमच्या एकाच भिंतीला टेकून वाळत होते. दोन्ही हिनंच रंगवलेले आणि दोन्हीवर सही माझी. शिवाय कुणाच्या वडिलांचं निधन झालं की पासपोर्ट फोटो घेऊन माणूस दारात हजर. "भाऊ, जरा मोठं करून द्या, आणि वडील हसरे दाखवा." हयातीत कधी न हसलेले कितीतरी वडील हिनं हसते केले.

मीही कमी नव्हतो. पिंपरीच्या बाजारात हॉटेलात बसून मी चित्रकलेवर बोलायला लागलो. छाया-प्रकाश, रेषेचा जोर, असले शब्द घरी बायकोच्या तोंडून ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर लोकांना वाढायचो. "राव, तुमी कंपनीत वाया चाललाय," असं कुणी म्हटलं की मी खिन्न हसायचो. ते खिन्न हसू मी आरशात बसवलं होतं.

ती का काढत राहिली? मला तेव्हा वाटायचं, माझ्यासाठी. बऱ्याच वर्षांनी कळलं. बोर्डासाठी म्हणून साहेबांच्या परवानगीनं खात्यातले उरलेले रंग मिळायचे. ते रंग घरात येण्याची दुसरी वाट तिला नव्हती. माझी सही म्हणजे तिच्या लेखी गेटपास होता.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षीची गोष्ट. तिला शाळेत सोडायला गेली असता बायकोनं फळ्यावरची सूचना वाचली. शाळेला चित्रकलेचा शिक्षक हवा होता. ती घरी आली ती चपला न काढताच पेटीपाशी गेली. कपड्यांच्या तळातून सर्टिफिकिटं काढली, त्यांचे कोपरे बोटांनी सरळ केले. तिला ती जागा हवी होती. तिनं असं कुठलीच वस्तू हवी म्हणून मला कधी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी घडीचं लुगडं नेसून, कंपनीतून परत आलेली तीन चित्रं जुन्या पातळात गुंडाळून ती शाळेत गेली.

तासाभरात परत आली. चित्रं कोपऱ्यात ठेवली आणि तांदूळ निवडायला बसली.

"काय झालं?"

"हेडमास्तरांनी चित्रं पाहिली. सही पाहिली. म्हणाले, वा, ही तर तुमच्या यजमानांची. मी म्हटलं, काढली मी आहेत. तर हसले. म्हणाले, नवऱ्याच्या वस्तू बायकोला आपल्याच वाटायच्या, त्यात गैर काही नाही. पण यजमानांनाच पाठवा ना, शाळेचं भाग्य उजळेल."

आता इथं खरं लिहायचं तर लाज बाजूला ठेवावी लागेल. हे ऐकून पहिल्यांदा क्षणभर मला बरं वाटलं. शाळेचं भाग्य! माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं, कारण तिनं सूप खाली ठेवलं.

"तुम्ही जाऊन त्यांना सांगा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना पटायचं नाही. ती जागा मला पाहिजे."

"उद्याच जातो."

उद्या पहिली शिफ्ट होती. परवा ओव्हरटाइम. तेरवा माझं डोकं दुखत होतं. शेवटी एका शनिवारी गेलोच. हेडमास्तर टोपी घालणारे, गोड बोलणारे. मी दारात दिसताच ते खुर्चीतून उठले. त्यांनी चहा मागवला. माझ्या हिमालयाची तारीफ केली. बर्फाचा निळसर रंग तुम्हाला कसा सुचला, म्हणाले. मी म्हणालो, "निरीक्षण." त्यांनी विचारलं, एकदा मुलांसमोर दोन शब्द बोलाल का? मान हलली. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की ज्या कामासाठी गेलो ते सोडून मी एका व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन आलोय.

बायकोला म्हणालो, "विषय काढला होता. पण ते गडबडीत होते."

"चहा झाला?"

"झाला."

"मग गडबडीत कसे?"

मी घाईनं एक बातमी पुढे केली. जागेचा निर्णय दसऱ्यानंतर होणार होता, आणि आमच्या कंपनीनं यंदा खंडेनवमीच्या सजावटीला परीक्षक म्हणून त्याच हेडमास्तरांना बोलावलं होतं.

ती म्हणाली, "यंदा काय करणार आहे तुमचं खातं?"

तिथंच तर माझं घोडं अडलं होतं. नव्या वर्क्स मॅनेजरांनी हुकूम काढला होता, की बोर्ड पुरे झाले, यंदा प्रत्येक खात्यानं रांगोळी काढायची. जमिनीवर, जागच्या जागी. बोर्ड सायकलला बांधून नेता येतो. रांगोळी कशी नेणार? मी आठवडाभर रात्रपाळीचा बहाणा, हाताला पट्टी, गावाकडे आजारी काका अशा सगळ्या शक्यता मनात चाळत होतो.

"मला आत न्या," ती म्हणाली. "हेडमास्तर येतील तेव्हा मी तिथं जमिनीवर बसून काढत असले पाहिजे. तुम्ही फक्त गप्प उभं राहायचं. जमेल?"

मान हलली.

बायकांना आत दहानंतर सोडत. सकाळी सातला हिला आत न्यायचं तर वेगळा पास लागायचा. पासावर 'प्रयोजन' असा रकाना होता. फोरमनसाहेबांनी त्यात लिहिलं, 'कलाकाराची मदतनीस, रंग हाती देणे.' हिनं तो पास वाचला, घडी घालून पदराच्या टोकाला बांधला आणि आत आली.

रांगोळीला दोन हात लागले तरी सल्ल्याला चाळीस तोंडं होती. फोरमनसाहेबांना देवीच पाहिजे होती, पण कारखान्याची. आठ हातांत पाना, हातोडी, कानस, मापाचा व्हर्निअर, स्प्रे-गन आणि हेल्मेट. दोन हात उरले. एकात युनियनच्या प्रतिनिधीला झेंडा हवा होता आणि दुसऱ्यात साहेबांना उत्पादनाचा चढता आलेख. दोघांचं वाजलं. शेवटी देवीनं दोन्ही धरले.

"वहिनी, तुम्ही नुसता रंग द्या हं," साहेब म्हणाले. "रेघ यांना मारू दे."

मी खडू घेऊन एक रेघ मारली. बायकोनं ती पदरानं पुसली. "हे म्हणतात अशी नको," असं म्हणून तिनं स्वतः मारली. मी मागं हात बांधून फेऱ्या मारत "हं, असंच" म्हणत राहिलो. जमिनीवर आधी चाळणीनं पांढरी रांगोळी पसरली, मग चिमटीनं रंग. साडेनवाला देवी झाली. हिनं मुद्दाम एक हात रिकामा ठेवला होता, स्प्रे-गनचा. तो परीक्षकांसमोर पुरा करायचा असा बेत. सगळं झाल्यावर ती हात धुवायला आणि घोटभर चहा घ्यायला कॅन्टीनकडे गेली.

आणि मी एकटा देवीपाशी उरलो.

आता पेंट शॉपच्या माणसाचं एक असतं. रंग मारायच्या आधी पत्र्यावर धूळ चालत नाही. एक कण राहिला तर रंगाखाली पुटकुळी येते आणि साहेब बोंबलतात. म्हणून स्प्रे-गन उचलायच्या आधी कंप्रेसरच्या नळीनं हवा मारायची. दिवसातून शंभरदा मारायची. हात आपोआप नळीकडे जातो, मला विचारत नाही. त्या दिवशी कंप्रेसर बंद होता, पण टाकीत कालची हवा भरून होती. मी पाहिलं, देवीच्या मुकुटापाशी पॉलिश पेपरचा काळा चुरा पडलाय. परीक्षक येणार. काम स्वच्छ दिसलं पाहिजे.

मी हवा मारली.

देवी उठली. खरोखरच उठली, सगळीच्या सगळी, आणि शेडमध्ये पसरली. शालूचा हिरवा फोरमनसाहेबांच्या टकलावर बसला, मुकुटाचा पिवळा युनियनच्या प्रतिनिधीच्या मिशीत. चढता आलेख ओव्हनच्या दारावर जाऊन चिकटला. कुणीतरी धुरळा जावा म्हणून पंखा लावला, आणि ढग खाली बसला तेव्हा जमिनीवर एक मातकट पसारा होता आणि मध्ये मी, हातात नळी.

बायको दारात उभी होती.

"कुणी केलं हे?"

चाळीस बोटं माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत माझ्या एका कामाचं श्रेय कुणी वादाशिवाय मलाच दिलं असेल तर ते हे.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. यायला हवं होतं, म्हणजे मला समजूत तरी घालता आली असती. ती नुसती त्या पसाऱ्याकडे बघत होती. दहा वाजत आले होते, पावणेअकराला परीक्षक. आठ हात परत काढायला अडीच तास लागले असते. तेवढ्यात शेड झाडणारी मावशी खराटा घेऊन आली. आमच्या खात्यात रोज येणारी ती एकटीच बाई. मूळची इथलीच, कंपनी यायच्या आधीपासूनची. "ह्यो ओव्हन हाय नव्हं, तितं आमचं हरभऱ्याचं रान व्हतं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. तिनं सगळा रंग झाडून एका ढिगात आणला आणि सुपलीत भरायला वाकली.

"मावशी, थांबा," बायको म्हणाली. "तो ढीग टाकू नका."

ती ढिगापाशी बसली. चिमूटभर रंग तळहातावर घेऊन उजेडात पाहिला. सगळे रंग मिसळून तपकिरी, करडा, मध्येच तांबूस असा एक भुगा झाला होता. तिनं तो भुगा मावशीच्या हाताजवळ नेऊन धरला. मग म्हणाली, "मावशी, तिथंच उभ्या राहा. खराटा खांद्याला टेकवून. अश्शा."

"माजं काय काढतीस गं बाई? देवी काढ की!"

"देवी उडाली. तुम्ही उडणार नाही."

"वहिनी, अहो झाडणारीचं चित्र..." फोरमनसाहेब हिरव्या टकलानं पुढे आले. "परीक्षक काय म्हणतील?"

"साहेब, पंखा बंद करा," ती म्हणाली. "आणि नळी कुणीतरी यांच्या हातातून घ्या."

साहेबांनी स्वतः पंखा बंद केला. मी त्यांना इतक्या वर्षांत स्वतः बटण दाबताना पहिल्यांदा पाहिलं.

तिची चिमूट चालत होती आणि जमिनीतून मावशीचं कपाळ वर येत होतं. कपाळावरचं गोंदण, गालाचा खड्डा, नाकाची बाजू उजेडाकडची आणि सावलीकडची. त्या मिसळलेल्या भुग्याचा रंग असा जमला होता की वेगळा करून आणायचा म्हटला तर आला नसता. मावशी मान न हलवता विचारत होती, "झालं का? नाकात खाज सुटलीया."

डोळे व्हायचे होते तोच वर्क्स मॅनेजर आणि हेडमास्तर आले. हेडमास्तरांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग माझ्याकडे. माझे हात मागे बांधलेले. हिचे रांगोळीत.

मला गप्प उभं राहायचं होतं. तेवढंच काम होतं. पण त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी उदात्त दाटून आलं आणि मी पुढे झालो.

"सर," मी म्हणालो, "आज मला जाहीर कबूल करायचंय. माझी म्हणून गाजलेली सगळी चित्रं माझ्या पत्नीची आहेत. सगळं श्रेय मी आज तिला देत आहे."

मग टाळ्या! चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती. मॅनेजरसाहेबांनी माझा हात हातात घेतला. "केवढं मोठं मन!" कुणीतरी म्हणालं, "राव, असा नवरा मिळायला भाग्य लागतं!" ओव्हनवरचा झेंडूचा हार काढून माझ्या गळ्यात घातला गेला. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा चोरी केली म्हणून, आता कबूल केली म्हणून. हिनं वर पाहिलंसुद्धा नाही, ती मावशीच्या पापण्या काढत होती.

हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "म्हणजे बाईंना तयार केलंत ते तुम्हीच?"

आणि मी, गळ्यात हार घातलेला मी, म्हणालो, "थोडंफार मार्गदर्शन..."

तिची चिमूट थांबली. ती उठली. गुडघ्यांना रांगोळी लागलेली, कपाळावर घाम.

"सर, यांना गेटबाहेर बसवा," ती शांतपणे म्हणाली. "मग काय विचारायचं ते मला विचारा."

कुणी हसलं नाही. मी हारासकट बाहेर गेलो. गेटवरच्या वॉचमननं स्टूल पुढे केलं. "काय भाऊ, आज बायका आत आन् तुमी भाईर?"

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. बाहेर येणाऱ्यांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि प्रत्येकाचा तुकडा वेगळा. एक म्हणाला, हेडमास्तरांनी अर्धा तास प्रश्न विचारले. दुसरा म्हणाला, प्रश्न एकच विचारला, वहिनीच बोलत होत्या. तिसऱ्यानं सांगितलं, "वहिनींनी जमिनीवर खडूनं हेडमास्तर काढले, टोपीसकट. इतके हुबेहूब की त्यांनी टोपी काढून खिशात घातली." मावशीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. चित्र पुरं झाल्यावर ती त्याच्याभोवती फिरली, खाली बसली, आणि संध्याकाळी झाडायची वेळ आली तेव्हा खराटा भिंतीला लावून म्हणाली, "म्या न्हाई झाडायची. सोताच्या तोंडावर खराटा फिरवू व्हय?" पहिला नंबर अर्थात मोराला गेला. आम्हाला उत्तेजनार्थ.

बायको दुपारी बाहेर आली. मी स्टूलवरून उठलो.

"काय म्हणाले?"

"समितीपुढं ती जुनी तीन चित्रं ठेवायची आहेत. त्यांवर तुमचं नाव. तुमच्याकडून लेखी पाहिजे."

दसऱ्याला जेवणं झाल्यावर तिनं माझ्यापुढे कागद आणि दौत ठेवली. मी बाह्या सावरून लिहायला लागलो आणि मोठ्यानं वाचलं, "मी सहर्ष आणि स्वखुशीनं..."

"सहर्ष काढा."

"स्वखुशीनं?"

"ते पण."

"मग राहिलं काय?"

"लिहा. खालील चित्रं माझ्या पत्नीनं काढलेली आहेत. त्यांवरची सही माझी असली तरी चित्रं माझी नाहीत. आता यादी घाला."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. पहिली देवी. हेल्मेटवाला. उत्पादन वाढवा. पिळवणूक थांबवा. हिमालय. हसरे वडील, एकेक. तिला सगळी क्रमानं पाठ होती, कुठल्या वेळी मुलीला ताप होता आणि कुठला बोर्ड पावसात वाळत नव्हता तेसुद्धा. कागदाची दुसरी बाजू लागली. माझी बोटं आखडली. शेवटी मला राहवेना.

"पण अगं, सगळंच कसं तुझं? बोर्डांना रंगाखालचा प्रायमर मी मारायचो. दोन हात. आणि घासून!"

ती विचारात पडली. खरंच पडली, चेष्टेनं नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लिहा. प्रायमर, यजमान."

मी लिहिलं. खाली सही केली.

सुट्टी संपल्यावर ती पत्र आणि सर्टिफिकिटं घेऊन एकटी शाळेत गेली. माझी दुसरी शिफ्ट होती, तरी डबा भरून मी दारातच उभा राहिलो. ती आली ती चपला काढून थेट आत गेली, पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला.

"सोमवारपासून," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या बेतात होतो, पण त्या दिवशी देवानं बुद्धी दिली. फक्त विचारलं, "पत्र वाचून काही म्हणाले?"

"अक्षर फार सुरेख आहे म्हणाले. कुणाचं, म्हणून विचारलं."

"मग?"

"सांगितलं, यजमानांचं."